मायाक्काच्या कपाळावरचा पाचू

१

मंगळवारी सकाळी आठ वाजता, अख्खं गाव डेअरीवर दूध घालायला गोळा झालेलं असताना, गुंजवाडीच्या देवळातल्या भोंग्यावरून जाहीर झालं, "राजाबाई खंडू वाघमोडे हिनं मायाक्काच्या कपाळावरचा पाचू चोरून तिथं खोटा खडा बसवला आहे. तिला देवळाची पायरी बंद केली आहे." एकदा सांगून समाधान झालं नाही म्हणून दोनदा सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, काही म्हणजे काही वगळलं नाही.

मला हे कळलं बारा दिवसांनी, सोलापुरात, माझ्या स्वयंपाकघरात. कळलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं तरी मी जागची हलले नाही, इतका संताप आला. सत्तर वर्षांची बाई. ना चौकशी, ना पुरावा, ना कुणी तिला विचारलं की बाई, तुझं काय म्हणणं आहे. थेट भोंगा!

सांगत होती रुपाली, राजाबाईची नात. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, तेव्हा ही आमच्या प्रयोगशाळेत असिस्टंट म्हणून लागली. दगड ओळखण्यात विद्यार्थ्यांपेक्षा ती तरबेज झाली होती. एरवी तोंडाची टकळी थांबत नाही, पण त्या दिवशी शब्द ओढून काढावे लागत होते.

"देवीचा मुखवटा पॉलिशला सोलापूरला आणला होता, बाई. सराफानं कपाळावरचा पाचू काढून मशीनमध्ये धुतला. बाहेर निघाला तो पांढराफटक. सगळे म्हणाले, आज्जीनं खरा काढून रंग दिलेली गारगोटी बसवली, आणि तेलात रंग कालवून इतकी वर्षं लपवली."

"तेल कसलं?"

"आमच्या घराला तेलाचा मान आहे की. दर अवसेला पाचूला करडईचं तेल लावायचं. आज्जीच्या सासूनं लावलं, तिच्या सासूनं लावलं."

"आणि आता तो खडा कुठाय?"

"पाकिटात. लाखेनं सील करून देवळाच्या कपाटात. येत्या रविवारी गावासमोर पाकीट फोडणार, पोलिसांच्या ताब्यात देणार आणि मान दुसऱ्या घराला देणार. आज्जी जेवत नाही, बाई. चतकोर भाकरी खाते आणि उठते."

मी गॅस पुसायला घेतला. पाठमोरी असताना ती हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? आज्जीनं खरंच तर नसेल ना केलं?"

फडकं हातातच राहिलं. घरच्या माणसाच्या मनातसुद्धा त्या भोंग्यानं विष कालवलं होतं.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "गावाला जायचं."

२

गुंजवाडी मंगळवेढ्याच्या पलीकडे, जिथं निम्मं गाव कानडी बोलतं आणि निम्मं मराठी. राजाबाईचं घर गावाबाहेर, मेंढरांच्या वाड्याला लागून. काठीसारखी ताठ बाई. मला खाली बसू देईना, घोंगडं झाडून अंथरलं, मग तांब्याभर पाणी ठेवलं.

"मी पोलीस नाही," मी म्हटलं. "दगडांची मास्तरीण आहे. पाचूचं सांगा."

"काय सांगू, बाई? समद्यांनी सांगितलंच की भोंग्यावर."

"त्यांचं राहू द्या. तुम्ही तेल कसं लावता ते सांगा."

हे विचारल्यावर तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा तरतरी आली. चोरीबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, तेलाबद्दल कुणीच नाही.

"लावायचं न्हाय, पाजायचं," ती म्हणाली. "अवसेच्या दिशी करडीच्या तेलाची वाटी दुपारपत्तुर उन्हात ठिवायची. कोमट झालं की कापसाच्या बोळ्यानं पाचूवर सोडायचं आन तसंच राहू द्यायचं. त्येला तहान लागती. पीत बसतं त्ये. माज्या सासूनं सांगितलंतं, एक येळ तू उपाशी ऱ्हा, पर त्येला तहानलेलं ठिवू नगंस."

"आणि हा पाचू मायाक्काला मिळाला कसा?"

"आमच्या मूळपुरुषानं दिला. विजापूरच्या बेगमेचा मेणा चाललाता, गारांचा पाऊस झाला. त्येनं मेंढरं सोडली आन घोंगडी मेण्यावर टाकली. बेगमेनं गळ्यातल्या माळंतला मणी तोडून दिला. म्हनली, ह्यो सात समुद्रापल्याडचा हाय." ती हसली. "पोरं हसत्यात. सात समुद्र म्हंजे गोष्टीतलं, म्हनत्यात."

मी हसले नाही. दख्खनच्या जुन्या दागिन्यांतले बरेचसे पाचू खरोखरच समुद्र ओलांडून आले. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतल्या खाणी स्पॅनिश लोकांनी बळकावल्या, तिथला माल युरोपात गेला, तिथून पोर्तुगीजांच्या गलबतांनी गोव्यात आणि गोव्याहून विजापूर-गोवळकोंड्याच्या बाजारात. आपल्याकडे राजस्थानात पाचूच्या खाणी सापडल्या त्या एकोणीसशे चाळीसनंतर. शाळेत न गेलेल्या बाईच्या गोष्टीत जेवढा इतिहास होता, तेवढा तिला हसणाऱ्या पोरांच्या पुस्तकात नव्हता.

"धुतल्यावर तुम्ही तो खडा पाहिलात?"

"पायलं की. सराफाच्या दुकानात मला बोलवून नेलं. पुजारी हुतं, देवस्थानचं शिक्रेटरी साहेब हुतं, सराफ हुता. गार पडल्यावानी पांढरं, आत समद्या भेगाच भेगा. माज्या काळजात चर्र झालं. म्या म्हटलं, अवो, तहानलंय त्ये, सा म्हैनं झालं तेल न्हाय, तेल द्या आदी. तर साहेब म्हनलं, बघा, चोराच्या उलट्या बोंबा!"

"सहा महिने तेल का नाही?"

"साहेबांनीच बंद केलं. चिकट हुतंय, घाण बसतीया म्हनलं. तसा मानूस लई गोड. सालाखाली हितंच बसून माज्याकडनं समदं लिवून घेतलं, तेल कंचं, ऊन किती येळ, समदं."

मी तिचा हात हातात घेतला. हाताला करडईच्या तेलाचा वास होता, सहा महिन्यांनंतरही.

एव्हाना मला सगळं उलगडलं होतं. पाचू हा जन्मतःच भेगाळलेला दगड. त्या भेगांत तेल मुरलं की तो गर्द हिरवा दिसतो आणि तेल निघून गेलं की पांढरट होतो. शेकडो वर्षं जोहरी पाचूला तेल देत आले आहेत. गरम पाणी आणि मशीन म्हणजे पाचूचा जीव घेणंच. म्हणजे चोरी झालेलीच नव्हती! पाकिटात होता तो खराच पाचू, फक्त तहानलेला.

रुपालीला मी गाडीत तसं सांगितलं. ती ओक्साबोक्शी रडली. रविवारी पाकीट फुटलं की पाच मिनिटांत मी गावाचं तोंड बंद करणार होते.

इतकी खात्री मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे, आणि मी साफ चुकले होते.

३

बसलिंगप्पा सराफाचं दुकान अरुंद, गादीवर पांढरी चादर, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला सत्तरीचा माणूस.

"या अक्का, बसा," तो म्हणाला. मी बसले, पण माझा आवाज काही बसला नाही.

"पाचू मशीनमध्ये घालतात का हो? एवढी वर्षं धंद्यात आहात!"

"सोन्यात आहे, अक्का. चांदीत आहे. रंगीत खड्यातलं मला काय कळत नाही, खोटं कशाला बोलू? मी तर ओल्या फडक्यानं पुसून देणार होतो. सेक्रेटरी साहेब म्हणाले, नको, गरम पाणी घ्या, सोडा टाका, मशीनला तासभर लावा. गिऱ्हाईक सांगतंय तसं केलं."

"मग बाहेर काय निघालं?"

"पांढरं पडलेलं. आत केसाएवढ्या भेगांचं जाळं. भीती वाटली मला. म्हटलं, असला पाचू मी बघितला नाही."

"खोटा आहे असं म्हणालात?"

"नाही हो! साहेब म्हणाले, म्हणजे खोटाच की. पुजाऱ्यांनी मान हलवली. मी गप बसलो."

"गप बसलात! आणि तिकडे एका बाईचं नाव भोंग्यावर गेलं."

त्यानं मान खाली घातली. वाद घातला नाही, त्यामुळे मला आणखी राग आला. वाईट माणसांशी भांडता येतं, गप बसणाऱ्या चांगल्या माणसांचं करायचं काय?

उठताना मी विचारलं, "पाकीट कुणी बांधलं?"

"मीच, हितंच, चौघांसमोर. खडा सुटा हातात आला की आधी काटा, ही आमच्या वडिलांची शिस्त. वजन करून चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठीत खडा गुंडाळला, पाकिटात घातला. लाखेवर देवस्थानचा पितळी शिक्का साहेबांनी मारला. शिक्का त्यांच्याकडे असतो. पाकीट पुजारी घेऊन गेले."

"आणखी काही दिसलं खड्यात?"

"आरपार भोक. माळेतला मणी असावा. कोंदणात असताना ते दिसत नव्हतं. पुजारी म्हणाले, भोक आहे हे आमाला आजच कळलं."

मला बेगमेची माळ आठवली. माझी खात्री आणखी वाढली. आता फक्त त्या साहेबाला दोन शब्द सुनवायचे राहिले होते.

४

देवस्थानचा सेक्रेटरी अनिमेष. आजोबा गुंजवाडीचे कुलकर्णी, हा सोलापुरात आर्किटेक्ट. सात रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार, हुडहुडी भरेल असा एसी. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले, दक्षिणेकडची एक तेवढी उघडी. त्या खिडकीत भर उन्हात एक गडद तपकिरी बाटली.

"गुडघ्यांचं तेल," माझी नजर गेलेली पाहून तो म्हणाला. "ऊन दाखवावं लागतं. आयुर्वेद."

चाळिशीचा माणूस, जिने दोन दोन पायऱ्यांनी चढत माझ्यापुढे आला होता. असतात एकेकाचे गुडघे.

"मॅडम, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," असं म्हणत त्यानं मला एक पुस्तिका दिली. देवस्थानच्या जीर्णोद्धारानिमित्त त्यानंच लिहिलेली. मुखपृष्ठावर मायाक्काचा मुखवटा आणि कपाळावर तो हिरवागार पाचू. मी चाळली. खाणी, गलबतं, गोवा, विजापूर, सगळं नीट आणि अचूक. एका ओळीवर मी थांबले. "जोहरी म्हणतात, भेग नसलेला पाचू शोधू नये, सापडला तर विकत घेऊ नये."

म्हणजे याला माहीत होतं.

"पुस्तिकेत तेलाच्या मानाबद्दल एक अक्षर नाही," मी म्हटलं.

"अंधश्रद्धा छापायची कशाला?" तो गोड हसला. "राजाबाईंबद्दल वाईट वाटतं हो. गरिबी माणसाला काय काय करायला लावते."

हे ऐकून माझी कानशिलं तापली. ताठ मानेनं मेंढरं राखणाऱ्या बाईची कीव हा माणूस एसीत बसून करत होता! तरी जीभ आवरली.

"मी रविवारी येणार आहे. पाकीट माझ्यासमोर फोडा. त्या दिवशी तुम्ही खडा पाहिलात. कसा होता?"

"काच, मॅडम. साधी हिरवी काच. आरपार स्वच्छ, आत एक रेघसुद्धा नाही. तुम्हाला भिंग लागणार नाही."

"बसलिंगप्पांनी काय पाहिलं?"

"म्हातारे झालेत ते. त्यांच्याकडे कशाला जाताय? डोळ्यांनी कमी दिसतं."

मी जिना उतरले. खाली उसाच्या रसाच्या गाड्यावर ग्लास घेतला. अर्धा प्यायले आणि ठेवून दिला. राजाबाईनं भेगा पाहिल्या, सराफानं भेगा पाहिल्या. हा शिकलेला माणूस त्यांच्याच शेजारी उभा होता आणि म्हणतो, एक रेघ नाही. पाकीट त्यानंतर उघडलेलं नाही. मग ही स्वच्छ काच त्यानं पाहिली कधी?

तशीच परत फिरून बसलिंगप्पाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "रविवारी तुम्ही गुंजवाडीला येताय. काटा घेऊन."

५

रविवारी मायाक्काच्या देवळापुढे मांडव माणसांनी भरला होता. बायका एका बाजूला. राजाबाई मांडवाबाहेर, पायरी बंद म्हणून लिंबाखाली एकटी. रुपाली तिच्याजवळ जाऊन बसली. ट्रस्टनं तक्रार द्यायला हवालदारालाही बोलावून ठेवलं होतं.

सिद्धाप्पा पुजारी म्हणजे देवस्थानचा अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचा, कपाळभर भंडारा. त्या मंगळवारी भोंग्यावर बोलला तो हाच. कपाटाच्या दोन किल्ल्या, एक त्याच्याकडे, एक सेक्रेटरीकडे. त्यानं पाकीट सगळ्यांना वर करून दाखवलं. लाख जशीच्या तशी.

"फोडायच्या आधी," मी उठले, "सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलंय की आत आरपार स्वच्छ हिरवी काच आहे, एकही रेघ नाही. बरोबर ना साहेब?"

"बरोबर," अनिमेष म्हणाला.

सिद्धाप्पानं लाख फोडली, चिठ्ठी उलगडली. तळहातावर चिंचोक्याएवढा खडा पडला. हिरवा, चकचकीत, आरपार. एक रेघ नाही.

मी भिंग लावून पाहिलं. आत दोन गोल बुडबुडे. काच. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

मनात कुठंतरी वाटत होतं की अजूनही आत तो तहानलेला पाचूच निघेल. "काच आहे," मला म्हणावं लागलं.

मांडवात एकच गलका झाला. "बगा!" "मास्तरीण बी म्हनली की!" कुणीतरी लिंबाकडे बघून थुंकलं. माझ्या डोळ्यांसमोर थुंकलं.

सिद्धाप्पा मात्र तळहाताकडे टक लावून उभा. "त्या दिशी ह्यो पांढरा दिसलाता," तो पुटपुटला. "भेगा हुत्या..."

"सोड्याचं पाणी होतं वर," अनिमेष चटकन म्हणाला. "सुकून गेलं."

"आसंल," सिद्धाप्पा म्हणाला आणि त्यानं माइक हातात घेतला. भोंगा खरखरला. लिंबाखाली राजाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

६

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की माइकची गरज उरली नाही. "त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा."

सिद्धाप्पानं चिठ्ठी लांब धरली. "चवदा... पस्तीस."

"माझं अक्षर," बसलिंगप्पा उठला. "चौदा पूर्णांक पस्तीस कॅरेट. पाकीट बांधायच्या आधी सगळ्यांदेखत केलेलं वजन."

"आता परत करा."

त्यानं काटा मांडला, आधी पितळेचं वजन ठेवून तो बरोबर असल्याचं हवालदाराला दाखवलं. मग काच ठेवली. आकडा स्थिरावला तसा तो वाकला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाकला.

"तेरा पूर्णांक वीस."

"सोडा वाळला असेल," मी म्हटलं, "पण सोडा वाळून कॅरेटभराहून जास्त कमी होतं का हो?"

"एवढा सोडा त्या खड्यावर मावणार नाही, अक्का," बसलिंगप्पा म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो न विचारता पुढे बोलला. "हा तो खडा नाही. माझा काटा खोटं बोलत नाही."

मी शिकवायला लागले. चाळीस वर्षांची सवय.

"ऐका. काच पाचूपेक्षा हलकी. आकार बरोबर उतरवला, वजन उतरवता आलं नाही. आणि चिठ्ठी तशीच परत घातली, कारण चोराला वाटलं की ती नुसती गुंडाळायला आहे. म्हणजे दुकानात वजन झालं तो दगड वेगळा, हा वेगळा. अदलाबदल झाली ती पाकीट बांधल्यानंतर. आणि पाकीट बांधल्यानंतर राजाबाईला देवळाची पायरीच बंद होती!"

लिंबाकडे माना वळल्या. आता त्या माना वळवायला कुणाला लाज वाटली नाही, याचाही मला राग आला.

"ह्या काचेला भोकसुद्धा आहे बघा, खऱ्यासारखं. पाचूला भोक आहे हे धुतला त्या दिवसापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मग नक्कल त्या दिवसानंतरच झाली. आता उरलं कोण? सराफाकडे कपाटाची किल्ली नाही. सिद्धाप्पा, तुमच्याकडे किल्ली आहे. शिक्का आहे?"

"न्हाय," सिद्धाप्पा हळू बोलला. "शिक्का साहेबांकडं."

"किल्लीही साहेबांकडे, शिक्काही साहेबांकडे. दुकानात चौघांनी खडा पाहिला, तिघांनी भेगा पाहिल्या. चौथा मला बंद पाकिटातल्या काचेचं वर्णन करून सांगतो. त्यानं ती पाहिली, कारण त्यानंच ती आत ठेवली. तेल सहा महिने बंद करायला लावलं यानं. फडकं नको, मशीन लावा म्हणाला हाच. पाचूला भेगा असतात असं पुस्तिकेत छापलंय यानंच. पाचू पांढरा पडणार हे याला ठाऊक होतं. आधी खऱ्याला खोटं ठरवलं, म्हणजे पुढं खोटं सापडलं तरी कुणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. बोट दाखवायला गरीब म्हातारी होतीच!"

"हे सगळे तर्क आहेत," अनिमेष म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "खडा कुठाय मग माझ्याकडे? घर शोधा!"

"घर कशाला? भेगाळलेला पांढरा पाचू कोण विकत घेणार? आधी त्याला तेल पाजायला हवं. कोमट तेल, उन्हात ठेवून. कसं ते तुम्ही वर्षापूर्वी राजाबाईसमोर बसून लिहून घेतलंत." मी हवालदाराकडे वळले. "सात रस्त्याला यांच्या ऑफिसच्या दक्षिणेकडच्या खिडकीत गुडघ्याच्या तेलाची तपकिरी बाटली आहे. तेवढी आणा. रुपालीला बरोबर न्या, तिला दगड ओळखता येतो."

"माझ्या ऑफिसला हात लावायचा नाही," अनिमेष म्हणाला. पण त्याचा हात पँटच्या खिशावर गेला होता, आणि ते सगळ्या मांडवानं पाहिलं.

सिद्धाप्पानं हात पुढं केला. "किल्ली."

तीन तास लागले. एकही माणूस घरी जेवायला गेला नाही, भाकऱ्या तिथंच आल्या. लिंबाखाली कुणी नेऊन दिली नाही, म्हणून मी माझी घेऊन तिथं बसले. राजाबाईनं अर्धी मोडून घेतली.

रुपाली आली ती पळतच. बाटली तिनं माझ्याकडे दिली नाही, पुजाऱ्याकडे दिली नाही, सरळ लिंबाकडे गेली. राजाबाईनं बूच काढून वास घेतला.

"करडीचं हाय," ती म्हणाली.

बाटली वाटीत उपडी केली. तेलाबरोबर टपकन खडा पडला. तिनं तो बोटांत धरून उन्हाकडे केला. गर्द हिरवा. एका कडेला थोडं पांढरं अजून राहिलं होतं.

"आजून धा-पंदरा दिस पायजेत," ती म्हणाली. "घाई केलिया."

बसलिंगप्पानं पुसून वजन केलं. चौदा पूर्णांक सदतीस. वरचं तेलाचं, तो म्हणाला. मांडवात "मायाक्काच्या नावानं चांगभलं" झालं. हवालदारानं अनिमेषच्या दंडाला धरलं. माझ्याजवळून जाताना तो म्हणाला, "त्या बाईला त्याची किंमत तरी माहीत होती का?" मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी उगारला होता, रुपालीनं धरला.

मग सिद्धाप्पा लिंबाखाली आला. वाकला, आवाज बारीक केला. "राजाबाई, झालं गेलं. देव पावला. ऊठ, वाटी घे, मान तुजाच हाय."

राजाबाई उठली नाही.

"मामा," ती म्हणाली, "चोर म्हनताना भोंगा हुता की. आता कानात का बोलताय?"

मी काहीतरी बोलणार होते, पण तिला माझी गरज नव्हती.

"भोंगा लावा," ती म्हणाली.

म्हातारा परत मांडवात गेला. माइक खरखरला. "राजाबाईनं चोरी केली न्हाय..."

"समदं नाव घ्या," राजाबाई लिंबाखालूनच म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "तवा समदं घेतलंतं."

"राजाबाई खंडू वाघमोडे हिनं..." सिद्धाप्पानं माइक तोंडाजवळ ओढला. "हिनं चोरी केली न्हाय. चूक आमची हाय. पुजाऱ्याची हाय, गावाची हाय. तिला देवळाची पायरी खुली हाय."

भोंगा गावभर गेला. डेअरीच्या भिंतीवरून आवाज परत आला. राजाबाई तशीच बसून होती, मांडीवर वाटी, वाटीत पाचू. सिद्धाप्पा तिच्याकडे बघत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मग ती उठली. रुपालीनं हात दिला, तो तिनं घेतला नाही. कुणीतरी उत्साहानं ओरडलं, "पुजारीबाबा, अजून एकदा सांगा की!"

"नगं," राजाबाई पायरी चढत म्हणाली. "दोनदाच म्हटलंतं."